रोझेलचे घर आणि आपली घरे

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून परदेशी शिकावयास जाणारी मुलेमुली आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांपैकी काहीजण तेथे वर्ष-सहा महिने एखाद्या कुटुंबात राहतात. परत आल्यावर त्यांना बोलते केले, तर विद्यापीठापेक्षा ती त्या घराविषयीच अधिक बोलतात, असा माझा अनुभव आहे. पहिल्या दिवशी पानात काय वाढले, देवाची तसबीर कोठे ठेवू दिली, तापात उशाशी कोण बसले, याच आठवणी त्यांच्या मनात टिकतात. अर्थशास्त्राच्या हिशेबात या गोष्टींना रकाना नाही. तथापि, त्यांच्यावाचून शिष्यवृत्तीची रक्कमही वाया जाऊ शकते. हे समजून घ्यावयाचे असेल, तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या बाजूने पुन्हा वाचले पाहिजे. डॉक्टर झालेल्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत आपण त्यांची गणना करतो; परक्या घरात राहिलेली अठरा वर्षांची मुलगी म्हणून मात्र आपण त्यांच्याकडे क्वचितच पाहतो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर आणि वयाने बरेच मोठे. बायकोला शिकवायचेच, या एका ध्यासाने पछाडलेले. त्यांची शिकवण्याची रीत कठोर होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो दगावला. वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या त्यांच्या निश्चयाचे मूळ या दुःखात शोधले जाते, ते योग्यच आहे.

पत्नीला अमेरिकेत शिकण्याची सोय व्हावी, म्हणून गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. ख्रिस्ती व्हावे, म्हणजे मदतीचा मार्ग सुकर होईल, असा त्या उत्तराचा रोख होता. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला. १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. कोठल्या कोण एका हिंदू मुलीची शिकण्याची धडपड त्यांच्या मनाला भिडली आणि त्यांनी स्वतः होऊन पत्र पाठविले. त्यात धर्मांतराची अट नव्हती. पुढे जवळजवळ तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या दोघींत नाते जडले आणि आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या.

आईच्या खालोखाल हक्काचे असे हे नाते आपल्याकडे आहे. तथापि, मानलेल्या मावशीच्या भरवशावर सातासमुद्रापार जाणे ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. समुद्रगमन निषिद्ध, त्यातून स्त्री, त्यातून एकटी! फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत बोलताना आनंदीबाईंनी आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले आणि आपण हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच परतणार, असे सांगितले. एप्रिलात त्यांनी कलकत्ता सोडले व जूनच्या प्रारंभी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटरबाई त्यांना घ्यावयास आल्या होत्या.

रोझेलच्या घरात आनंदीबाईंचे कुंकू, बांगड्या, लुगडे व शाकाहार यांपैकी काहीही सुटले नाही. मदत करणारा सहसा आपल्या मदतीचे मोल वसूल करतो. पैशाच्या रूपाने नव्हे, तर घेणाऱ्याने आपल्यासारखे व्हावे, या अपेक्षेच्या रूपाने. कार्पेंटर कुटुंबाने ही वसुली केली नाही, हा त्याचा खरा मोठेपणा.

त्या वर्षाच्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली. परंतु रकमेने राहण्याचा प्रश्न सुटत नाही. आनंदीबाईंना प्रथम मिळालेल्या खोलीतील शेगडी पेटविली की धूर कोंडे आणि विझविली की थंडी हाडांत शिरे. अखेर बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. गोपाळरावांची पत्रे पुष्कळदा रागाची व संशयाची असत. पुढे ते स्वतः अमेरिकेत आले, तेव्हा पाश्चात्त्य समाजावर त्यांनी केलेली जाहीर टीका तेथील अनेकांना बोचली. आनंदीबाईंवरील या स्नेह्यांची माया मात्र त्यामुळे आटली नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

आतिथ्याने सारेच साधते, असे मात्र नव्हे. थंडी, अपुरा आहार आणि अतोनात अभ्यास यांनी शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक होऊनही तेथे रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटरबाईंच्या आप्तांच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाचा दगड आजही उभा आहे. पाहुणी म्हणून गेलेल्या मुलीला त्या घराने शेवटी घरच्यांच्या शेजारी जागा दिली.

या दगडाची आठवण मला गेल्या जूनमध्ये अमरावतीत फार तीव्रतेने झाली. मेळघाटातून आलेल्या एका हुशार विद्यार्थ्यासाठी मी खोली शोधत हिंडत होतो. एका घरी भाडे ठरले, आगाऊ रक्कम ठरली, पाण्याची वेळही सांगून झाली. मग घरमालकांनी सहज विचारावे तसे मुलाचे आडनाव विचारले, आणि ती खोली पुतण्यासाठी राखून ठेवल्याचे त्यांना एकाएकी आठवले. दुसऱ्या घरी पुतण्याऐवजी भाचा निघाला. मुलगा काही बोलला नाही. परतताना त्याने मलाच धीर दिला, याची लाज अजून वाटते.

वस्तुतः वऱ्हाडाला हा धडा बाहेरून घेण्याचे कारण नाही. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून १९२६ साली परतले आणि लवकरच अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. त्यात निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत व एका पंगतीत जेवत. श्री शिवाजी शिक्षण संस्थेची १९३२ मधील स्थापना ही त्यानंतरची. आधी मुलांना राहण्याची जागा आणि मग महाविद्यालये, हा क्रम ज्यांच्या कार्यात दिसतो, त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे. अशा जिल्ह्यांत खोलीचे भाडे आडनाव पाहून ठरावे, हे शोभत नाही.

आपला मुलगा परदेशात कोणाच्या घरी उतरतो, तेव्हा त्या घराने त्याची जात, धर्म वा वर्ण पाहू नये, अशी आपली रास्त अपेक्षा असते. ती अपेक्षा करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरांत एखादी खोली रिकामी असते. येत्या जूनमध्ये धारणी-चिखलदऱ्याची मुले पुन्हा वह्यापुस्तकांच्या पिशव्या घेऊन आपल्या गल्ल्यांतून फिरतील. त्यांना भाडे सांगावे, नियम सांगावेत, हवे तर ते कडकही असावेत. आडनाव मात्र खोली दिल्यानंतर, पावतीवर लिहिण्यापुरतेच विचारावे.