चरणजित सिंग : तीन मशीन्स, दहा राग आणि 28 वर्षांची शांतता

रात्री हेडफोन लावून ऐकायचं, अंधारलेलं, एकाच ठेक्यावर घुमत राहणारं इलेक्ट्रॉनिक संगीत तुमच्या प्लेलिस्टमध्ये असेल, तर चरणजित सिंग हे नाव माहीत असायलाच हवं.

जन्म 1940 चा. आयुष्य गेलं मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंमध्ये, दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवण्यात. बेस, गिटार, कीबोर्ड, जे लागेल ते. 'दम मारो दम'मध्ये (1971) मागे घुमणारा तो धुंद सूर त्यांनीच धरलेला. गाणं सगळ्यांना पाठ, वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

नवीन वाद्यांचा त्यांना भारी नाद. सिंगापूरहून त्यांनी रोलँड कंपनीची मशीन्स आणली. टीआर-808 ठेक्यासाठी, टीबी-303 बेससाठी, आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर.

303 मध्ये असं काय होतं?

गिटार वाजवणाऱ्याला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून हे मशीन काढलं होतं. पण आवाज खऱ्या बेससारखा नव्हताच. ते फारसं खपलं नाही आणि 1984 मध्ये बंद झालं.

त्यात 16 घरांचा सिक्वेन्सर असतो. प्रत्येक घरात स्वर भरायचा, मशीन तो पॅटर्न फिरवत राहतं. 'स्लाइड' लावली की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. फिल्टरचं बटण फिरवलं की तोच स्वर कधी दबका, कधी चिरका.

आता हेच रागदारीच्या कानाने ऐका. ठरलेले स्वर, मींडेसारखी घसरण, तंबोऱ्यासारखा न थांबणारा आधार. चरणजित यांनी 808 आणि 303 एकमेकांना जोडून एका लयीत बांधले आणि वर ज्युपिटरवर राग वाजवले. 1982 मध्ये एचएमव्हीने 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड काढली. पहाटेचा ललत, पावसाचा मेघमल्हार, रात्रीचा मालकंस. मूड रागाचा, ठेका मशीनचा.

रेकॉर्ड चालली नाही. विषय संपला.

पुढे 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपचा 'ॲसिड ट्रॅक्स' आला, त्याच 303 वर. त्यातून ॲसिड हाऊस जगभर गेलं. 2002 मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित यांची जुनी रेकॉर्ड सापडली. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले. सत्तरी गाठलेला माणूस युरोपच्या स्टेजवर तीच मशीन्स वाजवू लागला. 5 जुलै 2015 ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग ॲसिड हाऊस त्यांनी शोधलं का?

हेडलाइन तशीच असते, पण मला ते पटत नाही. शिकागोची पोरं आपल्या वाटेने तिथे पोचली. चरणजित यांचं मोठेपण 'पहिला कोण' यात नाहीच. 303 कुणीही विकत घेऊ शकत होतं. त्यात भरायला मालकंस मात्र त्यांच्या कानात होता.

आज 303 ची नक्कल करणारी ॲप्स फोनवर मिळतात. आमच्या बल्लारपुरात बसूनही ट्रॅक बनवून टाकता येतो. बर्लिनची कॉपी करण्याआधी आपल्या कानात काय आहे ते बघा. पेपर मिलची रात्रीची घरघर, लग्नातला गोंडी ढोल. ऐकणारे आज चारच असतील. यांनाही 28 वर्षं लागली, पण रेकॉर्ड होती म्हणून सापडली.

सुरुवात मालकंसपासून करा. हेडफोन लावूनच.