दाराजवळचा घोडा

मागच्या सहामाही परीक्षेत ‘हॉब्सन्स चॉइस’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ मी ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असा ठोकून दिला आणि हक्काचा गुण घालवला. आड आणि विहीर म्हणजे निदान दोन वाटा तरी झाल्या! इथे वाट एकच असते : देतो ते घ्या, नाहीतर रिकाम्या हाताने परत जा. हा हॉब्सन आहे तरी कोण, म्हणून ग्रंथालयात शोधू लागलो, तो निघाला चक्क गाडीवान. घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटले. कारण माझे वडीलही गाडीवानच. हंगामात ते बैलगाडीने कारखान्याला ऊस वाहतात.

थॉमस हॉब्सनचा जन्म १५४४ च्या सुमाराचा. इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये त्याच्या वडिलांचा माल वाहण्याचा धंदा होता. १५६८ मध्ये ते वारले, तेव्हा गाडी, आठ घोडे आणि सारा सरंजाम मुलाकडे आला. केंब्रिज ते लंडन अशा खेपा तो जन्मभर करीत राहिला. विद्यापीठाची पत्रे आणि माल पोचवायचा. लंडनमध्ये बिशप्सगेट भागातल्या ‘बुल’ नावाच्या खाणावळीत उतरायचा. खेपा नसताना घोडे उभे राहून खातात, हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण? तर आपल्यासारखे कॉलेजकुमार! पुढे त्याच्या तबेल्यात चाळीसएक घोडी झाली.

आता पोरेच ती. प्रत्येकाला सगळ्यांत चपळ घोडा हवा, आणि तो मिळाला की लंडनपर्यंत चौखूर उधळायचा. चांगली जनावरे थकून मोडायची, बाकीची नुसती उभी. मग हॉब्सनने नियम केला : दाराजवळ उभा असेल तोच घोडा न्यायचा. फिरून आलेल्याने रांगेच्या शेवटी उभे राहायचे आणि पाळी येईपर्यंत विसावा घ्यायचा. मग समोर उमरावाचा मुलगा असो की आणखी कोणी. फार न दौडवता गेलात तरी वेळेवर पोचाल, असेही तो बजावून सांगे म्हणतात.

हे मी वडिलांना सांगितले. ते म्हणाले, बरोबरच आहे त्याचे. खांदा सुजलेला बैल जुंपायचा नसतो, मग मुकादम काही का बोलेना. मला मात्र आपलेच हसू आले. बारावीला गुण बरे होते, पण विज्ञान शाखा जिल्ह्याच्या गावी आणि वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा जवळचे हेच कॉलेज घेतले. म्हणजे हॉब्सनचा घोडा मीही घेतलाच आहे, आणि दोन वर्षे त्याबद्दल कुरकुरतो आहे. केंब्रिजच्या पोरांचीही कुरकुरच भाषेत टिकली. घोड्याची बाजू कोणी वाक्प्रचारात घातली नाही.

या धंद्यात हॉब्सन चांगलाच श्रीमंत झाला. गावाबाहेरच्या ‘नाइन वेल्स’ या झऱ्यांचे पाणी १६१० ते १६१४ या काळात पाट काढून केंब्रिजमध्ये आणले गेले, त्याला त्याने हातभार लावला आणि देखभालीसाठी जमीन ठेवली. त्या पाटाला आजही त्याचेच नाव आहे. गावातल्या गरिबांना काम मिळावे म्हणून १६२८ मध्ये त्याने जागा दिली. गाडी हाकणाऱ्याने एवढे करावे, हे मला आमच्या पुस्तकातल्या पुष्कळ सरदारांपेक्षा मोठे वाटते.

१६३० मध्ये प्लेग आला आणि लंडनच्या खेपा बंद झाल्या. पावसापाण्यात साठ वर्षे रस्ता तुडवलेला म्हातारा घरी बसला, आणि १ जानेवारी १६३१ रोजी गेला. त्या वेळी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात जॉन मिल्टन शिकत होता. त्याने या गाडीवानाच्या मृत्यूवर दोन कविता लिहिल्या, त्याही थट्टेच्या सुरात : गाडी थांबली म्हणून माणूस मेला, असा त्यांचा रोख. हॉब्सनला सेंट बेनेट चर्चमध्ये पुरले. त्या जागी त्याच्या नावाचा दगड नाही.