ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

कृष्णा आणि कोयना या दोन नद्यांचा संगम सातारा जिल्ह्यात कऱ्हाड येथे होतो. कऱ्हाडजवळच गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. पुढे सव्वीस वर्षांनी याच खाशाबांनी स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्यांचा हा पराक्रम सर्वश्रुत आहे. परंतु त्या पराक्रमामागे एक गाव, एक महाविद्यालय आणि एक उदारहृदयी प्राचार्य उभे होते, ही गोष्टही तितकीच जाणून घेण्यासारखी आहे.

खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्तीचे वातावरण असल्यामुळे तांबड्या मातीचे वेड त्यांना लहानपणीच लागले. पहाटे उठून जोर-बैठका काढाव्या, आखाड्यात घाम गाळावा आणि जत्रेच्या फडात कुस्ती धरावी, असा त्यांचा क्रम असे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण चालले होते. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य करण्याचे धाडसही या विद्यार्थ्याने दाखविले.

शालेय शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरला आले. कोल्हापूर म्हणजे मल्लांची पंढरीच! छत्रपती शाहू महाराजांनी १९१२ साली तेथे खासबागेचे विस्तीर्ण कुस्ती मैदान उभारले होते. पेठापेठांतून तालमी घुमत होत्या. अशा या नगरीतील राजाराम महाविद्यालयात खाशाबांनी प्रवेश घेतला. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालची. त्यामुळे त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना १८८० साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचा मोठा आधार वाटत असे.

महाविद्यालयाचा क्रीडाविभाग चालविणे हे काम वरवर दिसते तितके सोपे नसते. मैदान आखले आणि चेंडू आणून दिला, म्हणजे ते संपत नाही. कोणत्या विद्यार्थ्यात कोणता गुण आहे हे ओळखावे लागते. त्याच्या सरावाची, आहाराची आणि प्रवासखर्चाची तरतूद करावी लागते. स्पर्धेचे नियम त्याला समजावून द्यावे लागतात. आणि प्रसंग पडल्यास त्याच्या वतीने चार शब्द बोलावेही लागतात. यांपैकी एक जरी दुवा निखळला, तरी उत्तम खेळाडूची मेहनत वाया जाऊ शकते. खाशाबांच्या जीवनात या साऱ्याचा प्रत्यय येतो.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडासामन्यांत खाशाबांना कुस्तीसाठी आपले नाव द्यावयाचे होते. परंतु त्यांची शरीरयष्टी लहानखुरी. ती पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना सामन्यात घेण्याचे नाकारले. दुसरा एखादा विद्यार्थी खट्टू होऊन घरी परतला असता. खाशाबा मात्र सरळ प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले आणि त्यांनी आपली विनंती नम्रपणे सांगितली. प्राचार्यांनी या मुलाला संधी देण्याचे ठरविले. त्या सामन्यांत खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना अस्मान दाखविले आणि प्राचार्यांचा विश्वास सार्थ केला. लहान देहात केवढी चपळाई आणि केवढे बुद्धिचातुर्य साठवलेले आहे, हे त्या दिवशी साऱ्यांना कळून चुकले.

बाबूराव बलावडे यांच्यासारख्या जाणत्या वस्तादांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा विलायतेस गेले. तेथील कुस्ती निराळीच होती. आपल्याकडे मातीत कुस्ती होते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. तेथे मात्र गादीवर लढायचे, वेळेला मर्यादा असायची, आणि कोणीच चीत झाला नाही तर पंचांच्या कौलावर निकाल लागायचा. मातीची सवय असलेल्या पायांना गादी परकी वाटली. तरीसुद्धा या नवख्या मल्लाने आपल्या वजनी गटात सहावा क्रमांक पटकावला. पदक हुकले याची खंत करीत न बसता त्यांनी पुढील चार वर्षे गादीवरील डावपेच आत्मसात करण्यात घालविली.

१९५२ चे ऑलिंपिक सामने फिनलंड देशातील हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. निवडीच्या वेळी खाशाबांना डावलण्यात आले. आपल्यावर अन्याय झाला आहे असे वाटून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली, खाशाबांनी ती जिंकली आणि भारतीय संघात स्थान मिळविले. आता प्रश्न होता पैशाचा. हजारो रुपये आणायचे कोठून? गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी घरोघर फिरून वर्गणी जमविली. पण ती पुरेशी नव्हती. अशा वेळी प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हाती दिले. शिष्य जिंकेलच, अशी खात्री कोणी द्यावी? तरीही या गुरूने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनी गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची झुंज पंधरा मिनिटे चालली आणि निकाल खाशाबांच्या विरुद्ध गेला. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लाला अर्धा तास विसावा मिळावा, असा नियम होता. परंतु थकलेल्या खाशाबांना तो न मिळताच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढण्यासाठी उभे राहावे लागले, असे सांगतात. त्यांची बाजू मांडण्यासाठी एकही भारतीय अधिकारी त्या वेळी गादीजवळ हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्णपदक, मामेदबेकोव्हला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. पाठीशी जाणता माणूस असता, तर कदाचित पदकाचा रंग निराळा झाला असता.

तथापि हे कांस्यपदकही सोन्याच्या मोलाचे होते. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या स्वागतासाठी सजून आल्या होत्या. ढोल-लेझीमच्या निनादात त्यांची मिरवणूक निघाली. मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले.

या जयघोषात खाशाबा एक गोष्ट विसरले नव्हते. गुरूचे घर अजून गहाणच होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदक जिंकणारे खाशाबा मोठे होतेच. पण ऋण फेडणारे खाशाबा त्याहूनही मोठे होते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. सुमारे अठ्ठावीस वर्षे सेवा करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या उत्तरायुष्यात सरकारी उपेक्षा आणि आर्थिक ओढाताण त्यांच्या वाट्याला आली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे, वाट पाहावी लागली. २००० साली त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, मैदानात खेळाडू एकटाच लढताना दिसतो. पण तेथवर त्याला पोहोचविणारे हात अनेक असतात. ते हात ओळखणे आणि त्यांचे उपकार स्मरणे, हीच खाशाबांच्या जीवनाची खरी शिकवण होय.