विश्लेषण : रबरी पोशाखातला ‘गॉडझिला’ जगाला खरा वाटला तो कुणामुळे? कोण होते एईजी त्सुबुराया?

समुद्रातून अजस्र प्राणी येतो, रेल्वेचा डबा दातांत धरतो, शेपटीच्या फटक्यात इमारत आडवी करतो. पोशाखाच्या आत माणूस आहे आणि इमारत खेळण्यातली आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तरी मजा तसूभर कमी होत नाही. जपानी ‘काइजू’ (शब्दशः, विचित्र श्वापद) चित्रपटांची ही जादू घडवणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव एईजी त्सुबुराया. २०२४ मध्ये ‘गॉडझिला मायनस वन’ने व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर जिंकले, त्या परंपरेचा पाया त्यांनी ७० वर्षांपूर्वी घातला होता.

विमानाचे वेड, सिनेमाची वाट

त्सुबुराया यांचा जन्म जुलै १९०१ मध्ये फुकुशिमा प्रांतातील सुकागावा येथे झाला. आई लहानपणीच गेली, आजी आणि काकांनी वाढवले. मुलाला वेड विमानांचे. वैमानिक व्हायचे म्हणून किशोरवयातच त्यांनी टोक्योजवळच्या हानेदा येथील विमान प्रशिक्षण शाळेत प्रवेश घेतला. १९१७ मध्ये तिथल्या प्रशिक्षकाचा विमान अपघातात मृत्यू झाला, शाळा बंद पडली आणि वैमानिक व्हायचे स्वप्नही तिथेच संपले. मग विद्युत तंत्राचे शिक्षण, खेळण्यांच्या कंपनीत काम आणि १९१९ च्या सुमारास कॅमेरा विभागात उमेदवारी. हॉलीवूडचा १९३३ चा ‘किंग काँग’ पाहून मात्र ते झपाटले. त्याची प्रिंट मिळवून त्यांनी एकेक फ्रेम तपासली, युक्त्या शोधून काढल्या.

युद्धपट आणि बंदी

हा भाग काइजूप्रेमी सहसा टाळतात. १९४२ मध्ये तोहो स्टुडिओने पर्ल हार्बरच्या हल्ल्यावर प्रचारपट काढला. त्यासाठी त्सुबुराया यांनी बंदर, युद्धनौका, विमाने सगळे छोट्या प्रतिकृतींतून उभे केले. दृश्ये इतकी हुबेहूब होती, की ती खऱ्या हल्ल्याचीच असावीत असा समज पुढे पसरला. युद्धानंतर अमेरिकी अमलाखालच्या जपानमध्ये युद्धप्रचारात सहभागी झालेल्यांवर कारवाई झाली, त्यात १९४८ मध्ये त्यांनाही तोहो सोडावे लागले. ज्या कौशल्याने नाव दिले, त्यानेच काम घालवले. पुढची काही वर्षे ते स्वतंत्रपणे किरकोळ कामे करत राहिले.

पोशाखच का?

मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटांवरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सारी राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली. देश हादरला. त्याच वर्षी निर्माते तोमोयुकी तानाका, दिग्दर्शक इशिरो होंडा आणि त्सुबुराया यांनी अणुचाचण्यांनी जागा झालेला राक्षस पडद्यावर आणायचे ठरवले. ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली एकेका फ्रेमला हलवायची, तर हाताशी तेवढा वेळच नव्हता. म्हणून हारुओ नाकाजिमा या अभिनेत्याला पोशाखात घातले. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा, त्यात धड चालताही येईना.

खरी करामत कॅमेऱ्यात होती. पडद्यावरचा गॉडझिला ५० मीटर उंच, सेट १/२५ प्रमाणात, म्हणजे पोशाख साधारण २ मीटरचा. ५० मीटरवरून पडणारी वीट जमिनीवर यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास घेते, २ मीटरवरून पडणारी जेमतेम पाऊण सेकंदही घेत नाही. त्यामुळे इमारत खेळण्यासारखी पटकन कोसळते आणि पितळ उघडे पडते. उपाय? जास्त वेगाने चित्रीकरण करायचे आणि ते नेहमीच्या वेगाने दाखवायचे. हिशेबाने हा वेग पाचपट लागतो (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला हे उदाहरण शिकवले असते, तर वर्ग भरलेला राहिला असता). हालचाल संथ झाली, की वजन आपोआप जाणवते.

भीतीकडून धमालीकडे

३ नोव्हेंबर १९५४ ला आलेला ‘गॉडझिला’ गंभीर होता. जळणारे टोक्यो पाहताना ९ वर्षांपूर्वीचे बॉम्बहल्ले प्रेक्षकांना आठवणे साहजिक होते. मात्र नंतर ‘रोडान’, ‘मोथ्रा’ आणि १९६२ मध्ये ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ आला तोवर सूर पालटला होता. काँग गॉडझिलाच्या तोंडात चक्क झाड कोंबतो! १९६५ च्या चित्रपटात तर गॉडझिला एका गाजलेल्या विनोदी मांगातल्या पात्राची उडी मारतो. होंडा यांना ते रुचले नाही. त्सुबुराया यांना मात्र लहान मुले हसलेली हवी होती. आमच्या मते, मूळ चित्रपटाची धार यात बोथट झाली हे खरे. पण ही उडी नसती, तर गॉडझिला एका पिढीपुरताच उरला असता.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९६६ मध्ये ‘अल्ट्रामॅन’ने टीव्ही गाजवला. पृथ्वीवर फक्त तीन मिनिटे लढू शकणारा हा नायक, छातीवरचा दिवा लुकलुकू लागला की मुलांचा श्वास रोखला जाई. काटकसर एवढी, की एका भागात गॉडझिलाचाच जुना पोशाख मानेभोवती झालर लावून नवा राक्षस म्हणून खपवला.

२५ जानेवारी १९७० रोजी इतो येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वय ६८. तेव्हा त्यांच्या डोक्यात जपानच्या सुरुवातीच्या वैमानिकांवरचा चित्रपट घोळत होता. सुकागावात आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे, रस्त्यांवर राक्षसांचे पुतळे आहेत आणि २०१३ मध्ये या शहराने अल्ट्रामॅनच्या काल्पनिक मायभूमीशी भगिनी शहराचा अधिकृत करारही केला आहे.