पाळत आणि न्यायमूर्ती सुब्बाराव

न्यायमूर्ती कोका सुब्बाराव यांचे नाव निघते ते बहुधा गोलकनाथ खटल्याच्या संदर्भात. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, हा निर्णय २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच अशा मताधिक्याने झाला, तेव्हा ते सरन्यायाधीश होते. तो निर्णय १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात टिकला नाही. त्यांच्या आणखी एका निकालपत्राचे भाग्य मात्र उलटे निघाले. ते अल्पमताचे होते; लिहिले गेले त्या दिवशी ते निष्फळ होते. तथापि, नागरिकाच्या येण्याजाण्यावर पोलिसांनी नजर ठेवावी काय, या प्रश्नाचा विचार करताना त्याचाच आधार घ्यावा लागतो.

सुब्बाराव यांचा जन्म १५ जुलै १९०२ रोजी गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचा. मद्रासला कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच वकिली केली. १९४८ मध्ये ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९५४ मध्ये आंध्रचे उच्च न्यायालय गुंटूरला स्थापन झाले, त्याचे मुख्य न्यायाधीशपद त्यांच्याकडे आले. ३१ जानेवारी १९५८ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले.

तेथे त्यांच्यापुढे खडकसिंगाचा खटला आला. उत्तर प्रदेशातील हा एक साधा इसम. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि पुराव्याअभावी सुटकाही झाली. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली. चौकीदार व शिपाई अपरात्री येऊन दार ठोठावीत, हाका मारून झोपेतून उठवीत. गाव सोडायचे तर कोठे जाणार व किती दिवस राहणार, हे चौकीदाराला सांगणे भाग होते. मग ती खबर त्या दुसऱ्या गावच्या पोलिसांकडे जाई. घरावर गुप्त पहारा, मिळकत, खर्च व सोबती यांची चौकशी, हे सारे पोलीस नियमावलीच्या २३६ व्या कलमात नमूद होते.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. रात्रीच्या घरभेटी बहुमताने अवैध ठरविल्या. पण उरलेली पाळत कायम ठेवली. खाजगीपणाचा हक्क राज्यघटनेने दिलेला नाही आणि केवळ पाहत राहिल्याने कोणाच्या फिरण्याला अडथळा होत नाही, अशी ती विचारसरणी होती. अमरावतीचे न्यायमूर्ती मुधोळकरही बहुमतात होते. सुब्बाराव यांनी मात्र संपूर्ण कलमच घटनाबाह्य ठरविले आणि न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी त्यांना साथ दिली. ज्याच्या पावलोपावली नजर आहे, त्याचे पाय बांधलेले नसले तरी मन बांधलेले असते. अशा माणसाला स्वतंत्र म्हणता येत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार. शिवाय ही नियमावली विधिमंडळाचा कायदा नव्हती, निव्वळ खात्याचा आदेश होता, हेही त्यांनी स्पष्ट केले.

परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, हा पारपत्रविषयक निर्णय देऊन एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांच्या वतीने राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. डॉ. झाकीर हुसेन विजयी झाले. न्यायासनावरून थेट निवडणुकीत उतरण्याच्या या कृतीवर टीका झाली आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती. ६ मे १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आठच दिवस आधी, २८ एप्रिलला, आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि खडकसिंग खटल्यातील बहुमताचे विरुद्ध मत रद्द केले.

आज चौकीदाराची गरज उरलेली नाही. खिशातील मोबाईल जवळच्या मनोऱ्याशी सतत संपर्क ठेवतो आणि त्याची नोंद कंपनीकडे होत राहते. चौकीदार एका संशयिताच्या मागे असे. मनोऱ्याची नोंद सर्वांचीच होते. कोणता शिक्षक संघटनेच्या सभेला गेला, कोणता कारकून कोणत्या दवाखान्याच्या परिसरात होता, कोणता विद्यार्थी मोर्चात होता, हे मागाहूनही काढता येते. जो निर्दोष आहे त्याला भय कसले, असे म्हणणाऱ्यांनी खडकसिंगावरचा आरोप सिद्ध झालेला नव्हता, हे आठवावे.

हरवलेले मूल शोधण्यासाठी वा दरोडेखोर पकडण्यासाठी या साधनाचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न साधनाचा नाही, त्यावरील लगामाचा आहे. हक्कावर मर्यादा आणायची तर कायदा हवा, उद्दिष्ट रास्त हवे आणि उपाय प्रमाणात हवा, ही कसोटी २०१७ च्या निर्णयाने घालून दिली. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांनी, जामिनावरील आरोपीने आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला मोबाईलवरून सतत कळवीत राहावे, ही अट अवैध ठरविली. जे आरोपीला लागू आहे, ते ज्याच्यावर आरोपच नाही त्याला अधिकच लागू व्हावयास हवे.

म्हणून सामान्य नागरिकाने घाबरून जाऊ नये, पण बेफिकीरही राहू नये. ठावठिकाणा मागण्याचे कारण लेखी असावे, त्याला मुदत असावी, पोलीस खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने ते तपासावे आणि काम संपताच नोंद नष्ट व्हावी, एवढी मागणी त्याने लोकप्रतिनिधींकडे अवश्य करावी. सुब्बाराव यांचे मत मान्य होण्यास ५५ वर्षे लागली. ते व्यवहारात उतरण्यास तितकाच काळ लागू नये.