विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा कोण होते? एवढ्या मोठ्या विक्रमानंतरही ते विस्मृतीत का गेले?

१९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने उपांत्य फेरी गाठली, ती मुंबईकडून खेळणाऱ्या एका आघाडीवीराच्या तीन गोलांमुळे. त्या खेळाडूची कारकीर्द आणि तिने आजच्या मुलांपुढे ठेवलेला प्रश्न, यांचा हा आढावा.

डहाणू रोडहून चर्चगेटला जाणारी लोकल सुमारे १२४ किलोमीटरचे अंतर कापते. वाटेत वांद्रे लागते. मुंबईतील स्थानिक फुटबॉलचे सामने होणारे एक मैदान तिथे आहे. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा मैदान. मोबाइलच्या नकाशावर हे नाव टाकले की रस्ता लगेच सापडतो. पण ज्यांचे नाव या मैदानाला दिले ते डिसूझा कोण, हे विचारले तर तिथे खेळायला येणारी मुलेही गोंधळतात.

नेव्हिल डिसूझा यांच्या नावावर असलेला विक्रम छोटा नाही. ऑलिम्पिकच्या फुटबॉल सामन्यात हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू.

नेव्हिल डिसूझा कुठले?

त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. आसगावच्या जवळच शिवोली आहे. गोव्यात फुटबॉल रुजला तो या शिवोलीतून. १८८३ मध्ये एका आयरिश धर्मगुरूने तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो.

शिक्षण आणि नोकरीसाठी गोव्याची माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला येत होती. नेव्हिल यांची कारकीर्दही मुंबईतच घडली. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून ते खेळले. त्यांचे भाऊ डेरेक डिसूझा हेही भारताकडून खेळलेले फुटबॉलपटू.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९५५ मध्ये गोव्याच्या प्रश्नावरून भारताने सीमेवर निर्बंध आणले होते आणि गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे नेव्हिल मेलबर्नमध्ये भारतासाठी गोल करत होते, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते.

तेव्हा फुटबॉलपटूचे पोट कशावर चालायचे?

फुटबॉल खेळण्याचा पगार मिळेल, अशी व्यवस्था त्या वेळी भारतात नव्हती. देशपातळीवर लीगही नव्हती. कंपन्या, गिरण्या, रेल्वे, पोलीस यांचे संघ असत. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी दिली जाई. कामाची वेळ सांभाळून सराव करायचा आणि स्पर्धा आली की संघाकडून मैदानात उतरायचे, असा शिरस्ता होता.

मुंबईच्या खेळाडूसमोर तीन मोठी व्यासपीठे होती. स्थानिक हार्वूड लीग, १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कप आणि राज्यांच्या संघांसाठी १९४१ मध्ये सुरू झालेली संतोष ट्रॉफी. रोव्हर्स कपचे घर म्हणजे कूपरेज. चर्चगेट स्थानकातून मंत्रालयाच्या दिशेने चालत निघाले की हे मैदान लागते. मुंबईच्या फुटबॉलची सगळी चर्चा तेव्हा या मैदानाभोवती फिरत असे.

ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. खेळाचे पैसे घेणारा व्यावसायिक खेळाडू चालत नसे. भारताकडे व्यावसायिक खेळाडूच नसल्यामुळे या नियमाने भारताचे काही बिघडले नाही. ब्रिटनचे मात्र बिघडले. त्यांचे नामांकित खेळाडू व्यावसायिक असल्याने त्यांना हौशी संघ पाठवावा लागला आणि मेलबर्नमध्ये त्या संघाला बल्गेरियाने ६-१ असे हरवले.

मेलबर्नपूर्वी भारतीय फुटबॉल कुठे होता?

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताचा युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाला होता. भारताचे बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंड हवेत आणि ओल्या मैदानावर बूट घातलेल्या संघासमोर त्यांचा निभाव लागला नाही. या पराभवानंतर बूट घालूनच खेळायचे, हे भारतीय फुटबॉलने पक्के केले.

संघाची सूत्रे हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे होती. पेशाने शिक्षक राहिलेल्या रहीम यांचा भर छोट्या पासवर, वेगावर आणि तंदुरुस्तीवर असे. त्यांच्या १९५६च्या संघाचा कर्णधार होता बंगालचा समर बॅनर्जी. पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज अशी पुढे गाजलेली नावे याच संघात होती. गोल करण्याची मुख्य जबाबदारी होती ती सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसूझा यांच्यावर. वय अवघे २४.

१ डिसेंबर १९५६ रोजी काय घडले?

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडणार होती. पण त्याच सुमारास हंगेरीतील उठाव सोव्हिएत फौजांनी चिरडला आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरला नाही. भारताला न खेळताच पुढची चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर आला यजमान ऑस्ट्रेलिया.

सामना कसा रंगला ते गोलफलकावरूनच कळते. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. १७व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल. ४१व्या मिनिटाला पुन्हा मॉरो आणि पुन्हा बरोबरी. मध्यंतराला २-२.

दोनदा आघाडी घेऊन दोनदा ती गमावलेला संघ सहसा सावध होतो. भारत झाला नाही. ५०व्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि हॅटट्रिक पूर्ण झाली. ८०व्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल मारून निकाल पक्का केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

पदक किती जवळ होते?

४ डिसेंबरला उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया, म्हणजे चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा तोच देश. या वेळी मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. उलट उत्तरार्धाच्या सुरुवातीला ५२व्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. ऑलिम्पिकची अंतिम फेरी काही क्षण तरी नजरेच्या टप्प्यात होती.

ही आघाडी काही मिनिटेच टिकली. युगोस्लाव्हियाने लागोपाठ गोल केले आणि सामना ४-१ असा जिंकला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

नेव्हिल यांच्या खात्यात एकूण चार गोल जमा झाले. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्यासह ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. स्पर्धेत ११ संघच होते आणि भारताला एक फेरी न खेळता पुढे जाता आले, हे खरे. पण नेव्हिल यांचे चारही गोल बाद फेरीतले होते. त्यातले तीन यजमानांविरुद्ध, तर एक रौप्यपदक मिळवणाऱ्या संघाविरुद्ध होता.

मग ते विस्मृतीत का गेले?

याची कारणे तीन दिसतात.

पहिले, वेळ. त्याच ऑलिम्पिकमध्ये ६ डिसेंबरला भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून हॉकीचे सुवर्ण जिंकले. सुवर्णापुढे चौथा क्रमांक झाकला गेला. त्या काळी भारतात दूरचित्रवाणी नव्हती. त्यामुळे ही हॅटट्रिक देशाला कळली ती वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून.

दुसरे, नेव्हिल यांची कारकीर्द आणि भारतीय फुटबॉलचे पुढचे यश यांची गाठ पडली नाही. १९६०च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात ते नव्हते. १९६२ मध्ये जकार्तात भारताने आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम ही नावे घरोघरी पोहोचली. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. नेव्हिल यांना तो कधीच मिळाला नाही.

तिसरे कारण मुंबईचे. ज्या कंपन्यांच्या संघांनी खेळाडू सांभाळले, त्या संघांचे महत्त्व हळूहळू ओसरले. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर थांबला. महिंद्रा युनायटेडसारखा बलाढ्य संघ २०१० मध्ये बंद झाला. संघच राहिले नाहीत, तिथे त्यांच्या खेळाडूंच्या आठवणी सांगणार कोण?

नेव्हिल यांचे १९८० मध्ये निधन झाले. वय ४७. टीव्हीवर फुटबॉल पाहत मोठी झालेली पिढी त्यानंतर आली.

इंग्लंडमध्ये त्याच वेळी काय चित्र होते?

नेव्हिल खेळत होते तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये ९२ क्लब होते, वेगवेगळ्या श्रेणींत विभागलेले. १९५८ पासून या चार श्रेणी झाल्या. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील खेळाडूचे नाव देशात कुणाला ठाऊक नसे. पण क्लबकडून त्याला पगार मिळे. तोही फार नव्हता. जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतनाची अट रद्द होईपर्यंत अव्वल खेळाडूलाही आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे.

फरक पैशांपेक्षा रचनेचा होता. तिथे खालच्या पायरीवरचा खेळाडूही फुटबॉलवर घर चालवू शकत होता. इथे ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यालाही फुटबॉल हा पूर्णवेळ व्यवसाय म्हणून उपलब्ध नव्हता. भारतात राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ उजाडले. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. तो क्लब तेव्हा तिसऱ्या पातळीवर खेळत होता, तरीही भारतात ती मोठी बातमी झाली.

डहाणू-तलासरीच्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

भाताची कापणी झाली की इथल्या खाचरांचीच मैदाने होतात. अनवाणी धावणाऱ्या मुलांची इथे वाण नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' उपक्रमात राज्यभरातील शाळांत एकाच दिवशी फुटबॉलचे सामने भरवले. निमित्त होते भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे. मुलांच्या पायापर्यंत चेंडू पोहोचवणे हे एका दिवसात जमू शकते. त्यानंतर दर आठवड्याला सामने, प्रशिक्षक आणि तालुक्यातून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून राज्याकडे जाणारी वाट, याला वर्षे लागतात.

नेव्हिल यांच्या काळात खेळाडूला आधार होता कंपनीच्या नोकरीचा. आज राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी नियमात बसणारी स्पर्धा, ठरलेली कामगिरी आणि पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. गावच्या स्पर्धेत जिंकलेली ढाल तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून मूल चांगले खेळत असेल तर पालकांनी आणि शिक्षकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ते शाळेमार्फत अधिकृत स्पर्धांत उतरते आहे का आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवले जाते आहे का?

ही मुले कधी सामन्यासाठी मुंबईला गेली, तर त्यांची गाडी वांद्र्यावरूनच जाईल. तिथल्या मैदानावरचे नाव कुणाचे, हे त्यांना माहीत असावे. ते नाव अशा खेळाडूचे आहे, ज्याने ऑलिम्पिकमध्ये तीन गोल केले आणि ज्याला या खेळाने पूर्णवेळ रोजगार मात्र कधी दिला नाही.