एल. सी. ई. : विश्वेश्वरय्यांचा परवाना आणि आपला

माझं गाव येलदरी. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी. १९६८ साली पूर्ण झालेलं धरण, त्याचे दहा दरवाजे आणि पायथ्याचं वीजघर, हीच आमची ओळख. बाबा धरणावर चौकीदार होते. पावसाळ्यात धरण भरत आलं की त्यांचा घरात पाय टिकत नसे. आधी खालच्या गावांना निरोप, मग भोंगा आणि मग दरवाजे! लहानपणी मला वाटायचं, हे दरवाजे आपले आपण का उघडत नाहीत? बाबा निदान दोन घास सुखाने जेवले तरी असते.

इंजिनीअरिंगला आल्यावर कळलं की असे दरवाजे एका माणसाने १९०३ सालीच पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या! त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो, फोटोला हार घालतो आणि समोसा खाऊन हॉस्टेलवर जातो. पण हा माणूस आपल्या महाराष्ट्रात घडला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावी, १८६० साली (काही नोंदींत १८६१). वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून पोट भरत पदवी घेतली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, आले. १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत पहिले आले. या अक्षरांचा अर्थ पाहिला आणि मी थबकलोच. लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनीअरिंग. म्हणजे ज्याला परवाना मिळाला आहे असा! तेव्हा पदवीच्या नावातच लायसन्स होतं.

१८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. खानदेशात नदीपात्राखालून पाइपचा सायफन काढायचं काम आलं, तर ऐन पावसाळ्यात अडचणी आल्या तरी पुरं केलं. सिंधमधल्या सक्करला नदीचं गढूळ पाणी गाळून शहराला देणारी योजना १८९५ मध्ये उभी केली. पुण्यात रानडे, गोखले यांच्या सहवासात वावरले. नीरा कालव्यावर पाणी गावागावांत पाळीने वाटून देणारी ब्लॉक पद्धत आणली.

आणि मग ते दरवाजे. खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई. धरणाची भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले, की आठ फूट जास्त पाणी अडे. पाणी त्याच्याही वर चढलं की दरवाजे आपोआप उघडत, पाणी उतरलं की आपोआप मिटत. पेटंट निघालं, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही बसले.

१९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झालं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. पूर रोखण्यासाठी आणि शहराच्या गटारयोजनेसाठी विश्वेश्वरय्यांनाच बोलावणं गेलं. नंतर ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ मध्ये दिवाण झाले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये शंभरी ओलांडून गेले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आत्ताच का आठवलं? सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मी एका मोठ्या शहरातल्या इमारतीत ट्रेनिंगला होतो. छताला स्प्रिंकलर होते. त्यातली काचेची छोटी कुपी साधारण ६८ अंशांना फुटते आणि फक्त आगीच्या वरचाच स्प्रिंकलर पाणी सोडतो. म्हणजे तोही खडकवासल्याच्या दरवाजाचाच भाऊ! संकट आलं की कोणाला न विचारता उघडणारा.

पण त्याच्या मागे पाणी हवं ना! आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं, दाब पुरत नाही. म्हणून इमारतीची स्वतःची टाकी आणि फायर पंप लागतो. शिवाय पाइपात महिनोन्‌महिने साचलेलं पाणी उलटं फिरून लोकांच्या पिण्याच्या लाइनीत जाता कामा नये. म्हणूनच नळजोडणी परवानाधारक प्लंबरने करायची. आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा अग्निशमन सेवेचा परवाना असलेल्या एजन्सीनेच बसवायची. ती ठीक चालते असा दाखला, फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा.

त्या इमारतीत मुख्य व्हॉल्व्ह बंद होता. का, तर एका जोडाला गळती होती, पीओपी खराब होत होतं! मला चेकलिस्ट देऊन टिक करायला सांगितलं. खोटं कशाला बोलू... मी टिक केली.

रात्रभर झोप नाही. डोळ्यासमोर बाबा येत होते, भर पावसात टॉर्च घेऊन धरणावर निघालेले. एका रात्री जरी ते गेले नसते तरी खालच्या गावांत काय झालं असतं? इथे छताखाली दोनशे माणसं होती आणि मी टिक केली होती! सकाळी जाऊन ती खोडली आणि समोर लिहिलं, व्हॉल्व्ह बंद. बोलणी खाल्ली. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट महिनाभर उशिरा हातात पडलं. पण गळती काढून व्हॉल्व्ह उघडला गेला.

लहानपणी मला वाटायचं की दरवाजा आपोआप उघडला तर माणसाची गरजच नाही. आता उलटं वाटतं. जे यंत्र आपोआप चालतं, त्याच्याकडे ऐन वेळी बघायला कोणीच नसतं. म्हणून आधी कोणीतरी जबाबदार माणसाने ते नीट पाहिलेलं असावं लागतं. परवाना म्हणजे तो माणूस कोण, याचं उत्तर. खडकवासल्याला ते उत्तर विश्वेश्वरय्या होते.

आपल्या डिग्रीच्या नावात आता लायसन्स हा शब्द नाही. पण उद्या आपण सही करू तेव्हा तो असणारच आहे. येत्या १५ सप्टेंबरला हार घालताना एवढं आठवलं तरी पुरे. आणि हो, जाता जाता आपल्या हॉस्टेलच्या फायर लाइनचा व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, तेही एकदा बघून या!

(तृतीय वर्ष, स्थापत्य)